दक्षिणमुखी मारुती आणि तीन होकायंत्रं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सौसर येथील आमच्या शाळेच्या आवारातून उत्तर दिशा हरवली आहे. वय पृथ्वीइतकं, रंग कुणी पाहिलेला नाही. सोबत दक्षिणही असण्याची शक्यता आहे. कुणास आढळल्यास पकडून ठेवावी आणि शाळेच्या कार्यालयात वर्दी द्यावी.

अशी नोटीस त्या वेळी फळ्यावर लागायला हवी होती. कुणी लावली नाही, म्हणून इतक्या वर्षांनी मी लावून घेतो. उशीर झाला खरा, पण उत्तर दिशा काही घाईत नसते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी भूगोलाचा मास्तर म्हणून नवा लागलो होतो आणि नव्या मास्तराला असतो तो सगळा उत्साह माझ्यात होता. भूगोल पुस्तकातून शिकवायचा नसतो, पायांनी शिकवायचा असतो, असं मी पहिल्याच महिन्यात स्टाफरूममध्ये जाहीर केलं. लगेच आठवीची तीसेक पोरंपोरी घेऊन पायी जामसावळीला निघालो. मारुतीचं दर्शन, वाटेत दिशा ओळखणं, पिकं पाहणं, दुपारी डबा, असा बेत. होकायंत्र नव्हतं. नकाशा नव्हता. सूर्य होता, पण तो निघाल्यावर अर्ध्या तासात ढगात गेला. मग मी झाडांच्या शेवाळावरून दिशा काढली, वाऱ्यावरून काढली, एका बैलाच्या तोंडावरून काढली. दोन संत्र्याचे बगीचे, एक नाला आणि न संपणारी कापसाची पऱ्हाटी ओलांडून आम्ही एका गावात शिरलो. तिथल्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला मी रुबाबात विचारलं, "बाबा, मारुतीचं देऊळ कुठं आलं?"

"कोन्ता मारुती?"

"जामसावळीचा."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या तीस पोरांकडे पाहिलं. "गुरुजी, तो तं तुमच्या पाठीमागं राह्यला. हे लोधीखेडा आहे."

पोरांना तो दिवस फार आवडला. अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेनं परत येताना त्यांनी गाणी म्हटली. पालकांना मात्र आवडला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत इतके पालक आले की वार्षिक संमेलनालाही तितके येत नसत. त्यात सगळ्यात पुढे होते आमच्या शाळेमागच्या मारुतीचे पुजारी. त्यांची नात माझ्या वर्गात होती. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "सर, आमच्या घरी एकच पोट्टी आहे." एवढं म्हणून खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसत निघून गेले. बाकीच्यांच्या शिव्या मी केव्हाच विसरलो. ते वाक्य राहिलं.

हेडसरांनी फर्मान काढलं. यापुढे भूगोल वर्गाच्या चार भिंतींत राहील. एकच सवलत दिली. "भरवशाचं होकायंत्र आणि भरवशाचा नकाशा आणा. समिती तपासेल. समितीनं पास केलं तर पोरं बाहेर जातील. आणि पुन्हा चुकलात, तर तुम्ही भूगोल सोडून चित्रकला घ्यायची."

मला चित्रात गाय काढता येत नाही. माझी गाय पाहून लोक विचारत, टेबल कुणाचं आहे? तेव्हा काय पणाला लागलं होतं हे लक्षात घ्या.

समितीत तीन जण. अध्यक्ष हेडसर. सदस्य मी. दुसऱ्या सदस्य विज्ञानाच्या मॅडम. मॅडम इथल्याच, बौद्ध घरातल्या. वडील जिनिंगमध्ये रुईचे गठ्ठे उचलत आणि मुलीला प्रयोगवही आणून देत. बोलायच्या कमी, पण बोलल्या की वाक्यावर झाकण बसल्यासारखं वाटे.

नमुने आणायला शाळेचे बाबू नागपूरला गेले. बाबू मूळचे पांढुर्ण्याचे आणि ही गोष्ट ते कुणालाही पाच मिनिटांच्या आत कळू देत. दुसऱ्या दिवशी ते एक पिशवी आणि दोन गुंडाळ्या घेऊन अवतरले.

आधी नकाशे. पहिली गुंडाळी म्हणजे जिल्ह्याचा भिंतीवरचा नकाशा, रंगीत, खाली-वर लाकडी दांड्या लावलेला. आम्ही तो खिळ्याला टांगला आणि सौसर शोधू लागलो. सापडेना. आमचा तालुका जिल्ह्याच्या अगदी तळाशी, आणि नकाशा बनवणाऱ्यानं तळाची दांडी ठोकताना कागद जरा जास्त गुंडाळून घेतला होता. आम्ही सगळे, शाळा, बाजार, बगीचे, तहसील कचेरी, त्या दांडीत गुंडाळलेले होतो.

"आणि पांढुर्णा?" बाबूंनी घाबरून विचारलं.

पांढुर्णा डाव्या कोपऱ्यात होता, म्हणजे असायला हवा होता. तिथे एक चौकट होती. चौकटीत लिहिलं होतं: पक्का रस्ता, कच्चा रस्ता, पोस्ट ऑफिस.

"आमचं गाव या चौकटीखाली दबून राह्यलं का?" बाबू म्हणाले. "बाप्पा! रेल्वे टेसन आहे भाऊ आमच्याकडं, मोठ्या लाइनीचं!"

दुसरी गुंडाळी मोजणीखात्याच्या नकाशाची. बारीक रेघा, उंचीच्या वळ्या, विहिरी, ओढे, पायवाटा, सगळं. मला तर तो पाहून गहिवरून आलं. त्यात जामसावळी होती, लोधीखेडा होतं, आणि त्या दोघांच्या मध्ये माझी अब्रू जिथे जिथे सांडली ते सगळे नालेही होते. बाबूंनी जाम नदी शोधली. या काठी पांढुर्णा, त्या काठी सावरगाव, मध्ये केसाएवढी निळी रेघ. बाबूंनी तिच्यावर नख ठेवून पाहिलं.

"एवढीशी आहे का ही?" ते म्हणाले. "आणि आम्ही दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हिच्या दोन काठांवरून गोटे मारून डोस्के फोडून घेऊन राह्यलो!"

हेडसरांचा मात्र चेहरा पडला होता. "यात आपली शाळा नाही."

"सर, मोजणी झाली तेव्हा शाळा नव्हती."

"ज्या नकाशाला आपली शाळा माहीत नाही, त्याच्या भरवशावर शाळेची पोरं पाठवायची?" मग त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि शाळा स्वतः काढली. चांगली ठसठशीत काढली. नकाशाच्या मापानं हिशोब केला तर आमच्या शाळेचं आवार पाऊण सौसर व्यापून नदीपर्यंत जात होतं. पण नकाशा पास झाला. पेन्सिलीची रेघ खोडता येते, म्हणून मीही मान डोलावली.

आता पिशवी. बाबूंनी टेबलावर तीन होकायंत्रं मांडली. एक पितळी, झाकणाचं, वजनदार. दुसरं पारदर्शक प्लॅस्टिकचं, आत तेलासारखं काहीतरी भरलेलं, त्यात काटा पोहत होता. तिसरं चुन्याच्या डबीएवढं, पत्र्याचं, दुकानदारानं वरून फुकट दिलेलं.

पितळी आणि प्लॅस्टिकच्या काट्यांनी जरा थरथर केली आणि दोघंही वळून हेडसरांच्या खुर्चीकडे रोखून राहिले. हेडसर सुखावले. काटे आपल्यामागे येतात का हे पाहायला ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. काटे हलले नाहीत. मग त्यांचं सुख जरा कमी झालं.

"सर, तुमच्या खुर्चीमागं लोखंडी कपाट आहे," मॅडम म्हणाल्या. "काटे कपाटाकडे बघतायत."

तिसरी, पत्र्याची डबी मात्र कपाटाला अजिबात भुलली नाही. तिचा काटा जिथे उत्तर लिहिलं होतं तिथे शांत होता. मी डबी फिरवली. काटाही डबीबरोबर फिरला, उत्तरेच्या अक्षरावरून तसूभर ढळला नाही. मी ती उलटी केली, हलवली, टेबलावर आपटली. काटा चिकटलेला होता.

"सर, हे बंद आहे," मी म्हणालो.

"बंद?" हेडसर म्हणाले. "हे एकच आहे जे आपल्या मतावर ठाम आहे. ते दोघं थरथर कापून राह्यले. कपाट दिसलं की कपाटाकडे. उद्या रेल्वे आली तर रेल्वेकडे पळतील. थरथरणाऱ्या माणसाची साक्ष कोर्टात चालते का?"

"पण सर, हे कुणीकडेही धरलं तरी तिकडेच उत्तर दाखवतं."

"मग चालवणाऱ्याला सोपं नाही का?"

यावरचं उत्तर मला आज सुचतं, पण आता हेडसर नाहीत.

शेवटी ठरलं की बाहेर, कपाटापासून दूर, खऱ्या दिशेशी ताडून पाहायचं. खरी दिशा म्हणजे कोणती, हा प्रश्न आमच्या त्या भागात कुणालाच पडत नसे. खरी दिशा म्हणजे मारुती. शाळेमागचा तो लहानसा मारुती दक्षिणमुखी होता, तसं देवळावर रंगानं लिहिलेलंही होतं. त्या गल्लीत कुणीही घर बांधायला काढलं की मिस्त्री नारळ फोडे, मारुतीच्या नाकावर सुताचं एक टोक धरे, दुसरं टोक सरळ समोर ओढून नेई आणि त्या सुतावरून पाया आखे. ओळंबा, गुण्या, सगळं त्यानंतर. चार गल्ल्या अशा सुतावर उभ्या होत्या. आमची शाळाही. हेडसरांनी नुकतंच बांधलेलं घरही, बरोब्बर पूर्वेला दार ठेवून.

शनिवार होता. देवळासमोरच्या कडुनिंबाखाली, घंटेपासून आणि लोखंडी गजांपासून वीस पावलं दूर, आम्ही उभे राहिलो. पुजारी तेलाची वाटी हातात घेऊन पायरीवर आले. बाबूंनी मिस्त्र्यांच्या रिवाजाप्रमाणे मारुतीच्या नाकापासून सूत ओढून आणलं. मी पितळी होकायंत्र सुताखाली धरलं.

काटा थरथरला आणि स्थिरावला. होकायंत्राची दक्षिण घड्याळातला सहाचा आकडा मानली, तर मारुती साडेपाचाकडे पाहत होता.

प्लॅस्टिकचं धरलं. तेही साडेपाच.

हेडसरांनी माझ्या हातून पत्र्याची डबी घेतली, सुताच्या सरळ रेषेत नीट लावून धरली आणि खाली पाहिलं. सहा. बिनचूक सहा.

"झालं," ते म्हणाले. "दोन खोटी, एक खरं."

"सर, दोन एकसारखं सांगतायत," मी म्हणालो.

"दोन चोर नेहमी एकसारखंच सांगतात."

मॅडमनी सूर्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सावलीनं पाहू." आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी, रविवार असून, आठवीच्या पोरींना बोलावून शाळेच्या अंगणात बांबू रोवला. बांबूभोवती दोरीनं वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं तिथे खडा. दुपारनंतर पुन्हा शिवलं तिथे दुसरा खडा. दोन खड्यांच्या बरोबर मधून बांबूपर्यंत चुन्याची रेघ, ती उत्तर-दक्षिण. पुजाऱ्यांची नात दिवसभर खड्याजवळ उकिडवी बसून होती, सावली पळून जाईल अशा भीतीनं. चुन्याची रेघ पितळी काट्याशी जुळली. शाळेच्या भिंतीशी जुळली नाही. आमची शाळा तिरकी उभी होती. पूर्वेच्या वर्गात सकाळचं ऊन कोपऱ्यातून का शिरतं, याचं उत्तर मी तोवर पोरांना दक्षिणायन म्हणून देत आलो होतो.

सोमवारी हेडसरांनी चुन्याची रेघ पाहिली. तिच्यावरून एकदा चालले. मग म्हणाले, "मॅडम, सूर्य रोज जागा बदलतो हे तुमच्याच पुस्तकात आहे. आहे की नाही?"

"आहे."

"मारुती जागा बदलतो?"

"सर, मी देवाबद्दल काहीच बोलत नाही. मी सावलीबद्दल बोलून राहिले."

"सावली ढगात गेली की संपते. मागच्या खेपेला यांना तिनंच दगा दिला." हे यांना म्हणजे मला. "आणि तुमची सावली खरी मानली, तर मारुती तिरका, शाळा तिरकी, चार गल्ल्या तिरक्या, माझं घर तिरकं! पूर्वेचं दार सांगून मी घराच्या वास्तुशांतीला सगळ्या नातेवाइकांना जेवू घातलं, त्यांना काय सांगू? मारुती हललेला असेल तर मला दाखवा, मी या घटकेला ती दोन होकायंत्रं घेतो. पण तो हलत नसतो!"

आणि त्यांनी बाबूंना अहवाल लिहायला सांगितला. पत्र्याच्या नमुन्याचे वीस नग. हे वीस नग घेऊन पुढच्या शनिवारी मी आठवीला बाहेर न्यायचं, हेही त्यातच. चित्रकलेच्या खडूंचा वास मला तिथेच यायला लागला. पण चित्रकलेचं एकवेळ सोसलं असतं. वीस पोरांच्या हातात वीस डब्या, आणि प्रत्येक डबी सांगणार की तू ज्या दिशेला तोंड केलंस तीच उत्तर! वीस पोरं वीस वाटांनी गेली तरी एकही डबी नाही म्हणणार नव्हती.

अहवाल वर जाणार म्हणजे पुरावा हवा. हेडसर प्रत्येक कागदाला दाखला जोडायचे. जन्माचा, रहिवासाचा, चारित्र्याचा. या कागदाला त्यांनी मारुतीचा दाखला जोडायचं ठरवलं. बाबूंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'प्रमाणित करण्यात येते की सदर मारुती दक्षिणमुखी असून त्याच्या दिशेत पूर्वापार कोणताही फरक झालेला नाही.' खाली पुजाऱ्यांची सही.

पुजारी ऑफिसात आले. आल्यावर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. टेबलावर तीन होकायंत्रं, कागद, शाईचा टाक. हेडसरांनी दाखला वाचून दाखवला, 'पूर्वापार'वर जोर देऊन.

"महाराज, करा सही."

पुजाऱ्यांनी टाक हातात घेतला. मग पत्र्याच्या डबीकडे बोट केलं. "या डबीवर पोट्टे बाहेर जातीन का?"

"जातील. शनिवारी."

"आमची पोट्टी बी?"

"सगळीच. हे सर घेऊन जातील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.  मॅडमनी पितळी होकायंत्र उचललं, कपाटापासून लांब खिडकीत नेऊन ठेवलं. काटा थरथरून चुन्याच्या रेघेच्या दिशेनं जाऊन थांबला. पुजारी त्या काट्याकडे एकटक पाहत राहिले.

"काय झालं महाराज?" हेडसर म्हणाले. "देवाच्या नावानं सही आहे, पुण्यच लागेल."

"देवाच्या नावानं आहे म्हणूनच तं," पुजारी पुटपुटले. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी टाक कागदावर टेकवला. शाईचा एक थेंब 'पूर्वापार'वर पडला.

"सरळ सही ठोका ना. इतका काय विचार करून राह्यले?"

"सर, मी सही करतो. पण पोट्टीले नाही पाठवत."

"मग बाकीच्यांच्या पोरी पाठवायच्या का?" मॅडमनी खिडकीतूनच विचारलं. आवाज चढवला नाही. "माझी भाचीपण त्याच वर्गात आहे, महाराज."

 बाहेर घंटेचा टोल पडला, पोरं डबे घेऊन पळाली. पुजाऱ्यांनी टाक ठेवला. पुन्हा उचलला. पंचा खांद्यावरून काढला, घाम पुसला, पंचा परत खांद्यावर टाकला. हेडसरांनी कागद त्यांच्याकडे आणखी बोटभर सरकवला आणि थेंब टिपून घेतला.

"आता करा बरं, बाबूंना टपाल गाठायचं आहे."

आणि पुजारी एकदम इतक्या मोठ्यानं ओरडले की वऱ्हांड्यातल्या पोरांनी डबे थांबवून आत डोकावलं:

"नाही होत सर माह्याच्यानं! शाळा अन् गल्ल्या व्हाच्या पहिले देवळात फरशी बसवली तवा समोर दारूचं दुकान निंघालं होतं, देवाले दिवसभर तेच पाहा लागे, म्हणून म्याच त्याले पहार लावून एवढासा फिरवला!"